आवळलेला दोर

सेवकराम दिघोरे रोज आपल्या गावावरून डोंगा नेत असे. गाव खाली होतं. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा माणसं उठून टेकाडावरच्या पुनर्वसनात गेली, एकाच मापाच्या घरांत, एकाच मापाच्या गल्ल्यांत. उमरघाट गाव मात्र जागचं हललं नाही. लोकांनी छपरांवरचे कवेलू उतरवून नेले, चौकटी उपटून नेल्या, झाडं कापून नेली. भिंती आणि खोडं राहिली. त्यांच्यावर पाणी आलं आणि थांबलं. वैनगंगा वाहत होती तेव्हा ती कुठं तरी जात होती. हे पाणी कुठंच जात नव्हतं.

नवख्या माणसाला तिथं नुसतं पाणी दिसायचं. सेवकरामला गाव दिसायचं. डोंगा जरा डावीकडे घेऊन तो म्हणायचा, "हे आमचं घर." आणि थोडं पुढं गेल्यावर, "हे सोनाराचं. याच्या छपरीत मी पावसात उभा राहत होतो." ऐकणारा पाण्याकडे पाही, मग त्याच्याकडे. सेवकराम थट्टा करत नसे आणि त्याचा गळाही दाटत नसे. शेजारच्या गल्लीत कोण राहतं ते सांगावं, तसं तो सांगायचा.

तो जातीचा धीवर. अंगानं वाळलेला, पण मनगटं दुसऱ्या एखाद्या धिप्पाड माणसाची असावीत अशी. जमिनीवर चालतानाही पाय फाकून चालायचा, जमीन केव्हाही हलेल असं धरून. त्याच्या घरात सैल असं काही सापडत नसे. बाज ताणलेली, कपडे वाळत घालायची दोरी ताणलेली, शेळीचं दावं आखूड. पाण्याची बादलीसुद्धा तो मोरीच्या नळाला बांधून ठेवायचा.

"मलेही बांधून ठेवा एखाद्या खांबाले," सुलोचनाबाई म्हणायची. ती त्याची बायको. बोलण्यात त्याची सगळी कसर भरून काढणारी.

"तू कोठी जातेस?"

"जाईन एखाद्या दिवशी. गाठ सोडता सोडता माह्यी नखं गेली, आता जीव राहिला."

तो हसायचा नाही. पण गाठही सैल करायचा नाही.

याला कारण होतं, आणि ते घरात कोणी बोलत नसे. त्याचा धाकटा भाऊ इश्वर. धीवर जाळं टाकतात तेव्हा ते कुठं आहे हे कळावं म्हणून वर वाळल्या भोपळ्याचा तुंबा सोडतात. तुंब्याखाली दोर, दोराला दगड. दोर सरळ उभा ताणलेला हवा; तरच तुंबा जाळ्याच्या डोक्यावर राहतो. इश्वरचा हात उतावळा. त्यानं एकदा दोर सैल सोडला. वाऱ्यानं तुंबा भरकटत नदीच्या जुन्या डोहावर गेला आणि जाळं शोधत इश्वर त्याच्या मागं गेला. डोंगा परत सापडला. तुंबाही सापडला, डोहावर गोल गोल फिरत होता. सेवकरामच्या मनात त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की बसली होती. पाण्यावरची खूण हलली, की तिच्या भरवशावर गेलेला माणूस परत येत नाही.

पुनर्वसनानंतर काही वर्षांनी घाटावर लाँच आली. पलीकडं कोंढ्याच्या बाजूला जायचं तर सडकेनं पवनीचा वळसा घ्यावा लागे, लाँचनं सरळ. दवाखाना, बाजार, लेकीबाळींची सासरं, सगळं तिच्यावर चालू लागलं. घाटापाशी दोन बाजूंनी दगडांचे बांध पाण्यात नेऊन मधे एक छोटी गोदी केली होती, लाँचला शांत उभं राहता यावं म्हणून. गोदीत शिरायची वाट मात्र एकच: बुडालेल्या गावाचा मोठा रस्ता. बाकी सगळीकडे भिंती आणि चिंचेची खोडं. आणि त्या रस्त्याच्या टोकाला, बरोबर गोदीच्या तोंडाशी, चावडीचा दगडी ओटा.

धरण भरलेलं असे तेव्हा ओट्याचा कोणाला पत्ताही लागत नसे. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की लाँचचं बूड आणि ओटा यांच्यात थोडंच पाणी उरायचं. पाणी निजलेलं असेल तर तेवढं पुरे. पण पश्चिमेचं वावधान सुटलं, की एवढ्या रुंद पाण्यावर लाटा धरायच्या, आणि लाट जशी उचलते तशी खाली टाकतेही. दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात लाँच नेमकी ओट्यावर आली, तर तिचं बूड फुटणार. मग भोवती भिंती, खोडं आणि बुडणारी माणसं.

म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर सेवकराम बांधाच्या टोकाला उभा राही. खांद्यावरचा लाल दुपट्टा त्यानं वर सरळ धरला, की या. डोक्याभोवती गरगरा फिरवला, की येऊ नका. बांधाच्या आडोशाला, पळसांखालच्या चिखलात लाँच लावा आणि गुडघाभर चिखलातून माणसं उतरवा. लाँच चालवायचा विनोद मेश्राम. पवनीच्या आयटीआयमधून डिझेलचं काम शिकलेला, तोंडाळ, कामाला चोख. त्याच्या आजोबांचं घरही खालीच होतं, विहाराच्या बाजूला. दुपट्टा फिरला की तो शिव्या देत लाँच वळवी, पण वळवी.

मग नागपूरहून यंत्रं बसवणाऱ्या कुंभलकर मॅडम आल्या. सोबत दोन माणसं, आणि टेम्पोत एक भला मोठा नारिंगी गोळा, वर छोटा दिवा आणि हातभर काडी.

"हे काय हाय, मॅडम?" विनोदनं विचारलं.

"बोया. लाटा मोजणारा. समुद्रावर बंदराच्या तोंडाशी असतात असे. जहाज आत घ्यायचं की बाहेर थांबवायचं, ते याच्यावरून ठरवतात."

"नागपूरहून आला ना? मंग संत्राच म्हणा."

संत्रा. त्या दिवसापासून तेच नाव.

मॅडम घाटावर उभ्या राहून समजावून सांगत होत्या. गोळा लाटेवर चढतो आणि उतरतो. तो किती चढला, किती उतरला, हे आतलं यंत्र मोजतं. घटकाभराच्या लाटा जमवून, त्यांचा हिशेब करून मग तो आकडा पाठवतो. एका लाटेनं घाबरत नाही. आकडा ठरलेल्या हद्दीत असला तर घाटावरच्या फलकावर हिरवा दिवा, वर गेला तर तांबडा. विनोदच्या मोबाईलवरही तेच. सरपंच ऐकत होते, विनोद ऐकत होता, पोरंटोरं ऐकत होती. सेवकराम ऐकत नव्हता, कारण तो तेव्हा डोंग्यात होता. गोदीच्या तोंडाबाहेर, गोळ्याचं कडं हातात धरून, तो माणसांना दोर सोडायला मदत करत होता. लांब दोर, त्यात मधे रबराचा जाड तुकडा, खाली लोखंडी वजन. दोर खोलीपेक्षा कितीतरी जास्त सोडलेला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. पण नागपूरची माणसं होती. त्यांची काही रीत असेल.

"आन् मी?" काठावर आल्यावर त्यानं विचारलं.

"तुम्ही याचे राखणदार," मॅडम म्हणाल्या. "शेवाळ पुसायचं, पक्ष्यांची घाण पुसायची, जाळी जवळ येऊ द्यायची नाहीत. जमेल ना, काका?"

"जमन."

"काकाजी, तुमचा दुपट्टा आता रिटायर," विनोद म्हणाला. "त्याले शाल-नारळ देऊन टाकू."

सगळे हसले. सेवकरामनं दुपट्टा खांद्यावर नीट केला. आपण उद्यापासून बांधावर कशाला उभं राहायचं, हे त्याला कळेना. तरी तो उभा राहिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाँच आत येताना विनोदनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, फलकाकडे पाहिलं. यात विनोदचं चुकलं असं नाही. फलक त्यासाठीच होता.

संत्रा मात्र त्याला सुखानं बसू देईना. तो हिंडायचा. सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या, वारा फिरला की तिसऱ्या. लाटेवर वर जायचा, खाली यायचा, मान टाकायचा, पुन्हा सावरायचा. सेवकराम डोंगा त्याच्याजवळ नेऊन बसे आणि पाहत राही. इश्वरचा तुंबा डोहावर असाच फिरत होता. एवढ्या सगळ्यांचा जीव याच्या भरवशावर, आणि हा दारू प्यालेल्यासारखा हेलपाटून राहिला.

कोणाला विचारावं असं त्याच्या मनात आलं नाही. विचारायला शंका लागते. त्याला शंका नव्हती.

शिमग्याच्या आधीच्या एका निवांत सकाळी तो डोंगा घेऊन गेला. चावडीसमोर, गोळ्याच्या जवळच, गावाचा कोंडवाडा होता. त्याच्या मधला दगडी खांब अजून उभा होता. लोकांच्या शेतात शिरलेली चुकार जनावरं आणून तिथं बांधत. धनी येऊन सोडवीपर्यंत ती हंबरत. सेवकरामनं श्वास धरून बुडी मारली. पाण्याखाली उजेड हिरवा आणि जुना होता. खांब हाताला लागला, शेवाळलेला, पण ओळखीचा. त्याला त्यानं नायलॉनच्या दोराचा फास घातला आणि वर येऊन दुसरं टोक गोळ्याच्या खालच्या कड्यातून ओढून, पाय डोंग्याला टेकून, आवळलं. धीवराची गाठ. गोळा जरा खाली बसला आणि गप झाला.

"हं," तो त्याला म्हणाला. "आता राह्य."

यानंतर पाणी जसं उतरे तसा दोर सैल पडे, आणि तो दर आठवड्याला जाऊन आवळून येई. शेवाळ पुसण्याइतकंच ते काम. त्यानं ते कोणापासून लपवलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

घाटावर सगळे खूश होते. दिवा हिरवा, आणखी हिरवा. चिखलात उतरायची पाळी येईना. मॅडमचा फोन आला तेव्हा विनोदनं सेवकरामला हाक मारून विचारलं, "काकाजी, मॅडम म्हणून राहिल्या, आकडे लय कमी येते. संत्र्याले जाळं-बिळं अटकलं तं नाही?"

"जाळं? मी असताना?"

"नाही म्हणते काकाजी. रोज पाहून राहिले ते," विनोदनं फोनमध्ये सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात येऊन बघते.

चैत्र लागला आणि सेवकरामला काहीतरी टोचू लागलं. दुपारी पाण्यावर पांढरे दात दिसत. त्याचे डोळे म्हणत, आज नको. फलक म्हणे, या. लाँच आत यायची. एकदा खालून खर्रकन आवाज आला.

"ओट्याले घासली," सेवकराम म्हणाला.

"खोड असन. दिवा हिरवा हाय ना?"

"पाण्याले दात आले होते."

"काकाजी, तुमचे डोळे झाले म्हातारे. पहिले मोतीबिंदू काढा, मंग दात मोजा."

खरंच एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ज्या माणसानं जन्मभर पाणी वाचलं, त्याला आता आपलं वाचणं चुकत असल्यासारखं वाटू लागलं. तो बांधावर उभा राही, दुपट्टा हातात घेई, आणि फलकाकडे बघून पुन्हा खांद्यावर टाकी. यंत्र खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग खोटं कोण बोलत होतं?

रश्मी त्याची एकुलती लेक. कोंढ्याजवळ दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं ठरलं. दिवस भरत आले होते.

"एस.टी.नं आणू का पवनीवरून?" सुलोचनाबाईनं विचारलं.

"सडक पाह्यली का? हाडं मोकळी होते. लाँचनंच आण."

"वाऱ्याचे दिवस हायेत, रश्मीचे बाबा."

"संत्रा हाय आता," सेवकराम म्हणाला. "भेव नाही."

सुलोचनाबाई सकाळच्या लाँचनं गेली. दुपारच्या लाँचनं माय-लेकी येणार होत्या. सेवकरामनं अंगण झाडलं, बाज पुन्हा एकदा ताणली आणि घाटावर येऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "पोरगी येऊन राहिली." त्याला इतकं बोलताना कोणी पाहिलं नव्हतं.

दुपार कलली आणि पश्चिमेकडं आभाळ तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखं काळवंडलं. आधी वारा पडला. मग एकदम आला. टेकाडावरून पळसाची पानं उडून पाण्यावर पडू लागली. लाटा धरल्या, एकीमागं एक, आखूड आणि उभ्या. बुडालेल्या गावावरून त्या अशा येत होत्या की जणू खालची घरं उठून बसू पाहतायत. दूरवर लाँच दिसली, पांढरी, खालीवर होणारी.

सेवकरामनं फलकाकडे पाहिलं. हिरवा.

मग त्यानं संत्र्याकडे पाहिलं. एक मोठी लाट संत्र्यापाशी आली. संत्र्यानं वर चढायला हवं होतं. तो चढला नाही. लाट त्याच्या डोक्यावरून गेली. नारिंगी रंग पाण्याखाली गेला, आणि लाट सरल्यावर तो जिथल्या तिथं वर आला. दुसरी लाट. पुन्हा तेच. दावं आखडलेलं जनावर मान उचलू पाहतं आणि तेवढ्यावरच त्याची मान अडते, तसं.

त्याला कोणी समजावून सांगितलं नाही. मॅडमचं त्या दिवशीचं बोलणं त्यानं ऐकलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याला उमगलं. संत्रा हलायलाच होता. त्याचं हलणं हेच त्याचं बोलणं होतं, आणि आपण त्याचं तोंड बांधून ठेवलं. लाँचवाल्याला तो रोज सांगत होता की पाणी निजलंय, कारण आपण त्याला उठू दिलं नाही.

त्यानं विनोदला फोन लावला. घंटी वाजत राहिली. इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू येणार. फोन तसाच दगडावर टाकून त्यानं डोंगा पाण्यात ढकलला. काठावरचा कोणी तरी ओरडला, "सेवकराम! अबे, कोठी चालला वावधानात?" तोवर तो बांधाच्या बाहेर होता.

संत्र्यापाशी पोचून त्यानं कडं धरलं आणि कोयती दोरावर चालवली. त्याचीच गाठ, त्यानंच भिजवून आवळलेली, सहज तुटेना. तुटली तेव्हा गोळा असा उसळला की डोंगा कलंडता कलंडता राहिला. लाटेबरोबर तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. सेवकरामनं मान वळवून फलक पाहिला. हिरवाच. यंत्र घटकाभराच्या लाटा जमवून मग बोलतं. तेवढा वेळ नव्हता.

लाँच मोठ्या रस्त्याला लागली होती. विहारावरून, शाळेवरून, सरळ तोंडाकडे. आता टपावरची माणसं दिसत होती.

तो डोंग्यात उभा राहिला, पाय फाकून. दुपट्टा काढला आणि डोक्याभोवती गरगरा फिरवू लागला. घसा फोडून ओरडला. वाऱ्यानं ओरडणं मागं, गोदीकडे नेलं.

लाँचमधल्या माणसांनी त्याला पाहिलं. ती हसली. वरातीत दुपट्टा फिरवत नाचतात, तसं ते दिसत होतं. आणि लेक येणार म्हणून म्हातारा किती आनंदात आहे हे तर अख्ख्या घाटाला माहीत होतं. कोणी तरी शिटी मारली. रश्मी आईचा हात धरून उभी राहिली होती. तिनं ओढणी सोडली, वर धरली आणि तीही फिरवू लागली.

विनोदलाही दुपट्टा दिसला. जुनी खूण त्याला आठवली, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. त्यानं मोबाईलकडे पाहिलं. मोबाईल हिरवा होता.

सेवकरामनं दुपट्टा टाकला, वल्हं उचललं आणि डोंगा गोदीच्या तोंडात, चावडीच्या ओट्यावर आडवा घातला. आता लाँचला आत यायचं तर त्याच्या अंगावरून यावं लागणार होतं. तो खाली बसला नाही. आपण उभे दिसलो पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. लाँचचं नाक मोठं मोठं होत गेलं. त्याला ओढणी दिसली, ओढणीखालचं तोंड दिसलं, अजून हसणारं.

मग नाक वळलं. विनोदनं सुकाणू सगळं फिरवलं. लाँच एका बाजूला कलली, माणसं ओरडली, आणि बांधाच्या आडोशानं ती पळसांच्या काठाकडे गेली.

पुढची लाट डोंग्याखालून निघून गेली तेव्हा त्याच्याखाली पाणी उरलं नाही. डोंगा ओट्यावर आपटला आणि लांबीत फुटला. लाँचचं व्हायचं होतं ते.

सेवकराम पाण्यात गेला, वर आला, आणि पोहत जे हाताला लागलं ते धरलं. संत्रा होता. कड्यात बोटं अडकवून तो त्याच्याबरोबर वर जात राहिला, खाली येत राहिला. इतक्या उंच. इतक्या खोल. त्याला आपल्या हातानं कळत होतं, ही लाट केवढी आहे. काठावर लोक जमले. कोणी तरी बोट दाखवलं. फलक तांबडा झाला होता.

बांधावरून दोर टाकून विनोदनंच त्याला ओढून काढलं. तोवर माणसं चिखलातून उतरली होती, चार बाया रश्मीला धरून काठावर घेऊन आल्या होत्या.

"मराचं होतं काय?" विनोद ओरडला. "मंघाशी माह्या हातून तुमी मेले असते, काकाजी! आन् दिवा हिरवा! मी कोणाकडे पाहू? तुमच्याकडे पाहू का दिव्याकडे?"

"दिव्याचं काही चुकलं नाही," सेवकराम म्हणाला. दात वाजत होते. "दोर माह्या होता."

"कोणता दोर?"

त्यानं सांगितलं. कोंडवाड्याचा खांब, फास, दर आठवड्याला आवळणं. हात तसेच करून दाखवले, गाठ कशी मारली तेही. भोवती उभे असलेले ऐकत होते. त्याच्या खांद्यांवर उबेसाठी पोतं गुंडाळणाऱ्यांचे हात तिथंच थांबले.

"कवापासून?" विनोदनं विचारलं.

"शिमग्याच्या आधी."

विनोद खाली दगडावर बसला. शिमग्याच्या आधीपासूनच्या सगळ्या दुपारी त्याच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात. शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, खालून आलेला तो खर्रकन आवाज.

"मंग एवढे दिवस मी..." तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "कायले केलं काकाजी असं?"

"भटकून राहिला होता तो."

विनोदनं मॅडमना फोन लावला आणि फोन सेवकरामच्या हातात दिला. त्यानं तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "मी उद्या येते. तोपर्यंत लाँच सोडू नका. काका, सांगायला हवं होतं हो मी तुम्हाला. तुम्हालाच सांगायला हवं होतं." त्यानं फोन परत दिला. मॅडमच्या या बोलण्यानं त्याचं ओझं हलकं झालं नाही. उलट, कोणीतरी अर्धं उचलायला आलं आणि ओझं तेवढंच राहिलं, असं त्याला वाटलं.

घरी रश्मी ताणलेल्या बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. दिवेलागण झाली होती. पायांचा चिखल सुलोचनाबाईनं धुऊन काढला होता. घाटावर काय झालं हे तिला अजून कोणी नीट सांगितलं नव्हतं. लाँच वळली, डोंगा फुटला, बाबा वाचले, एवढंच.

"बाबा, या ना. लांब काहून बसले?"

तो बाजेच्या कडेला येऊन बसला.

"डोंगा गेला ना तुमचा? जाऊ द्या." ती हसली. "मी आईले म्हटलं, पाह्य, बाबा कसे नाचून राहिले. आमच्या लग्नातही नाचले नव्हते. सारे लाँचवाले हसत होते. मलेही रडू आलं थोडंसं. आतापर्यंत तुमी मले कधी असं..."

सुलोचनाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. बायांनी तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं. तिचं नेहमीचं तोंड आज बंद होतं; नवऱ्याला वाचवायचं की लेकीला खरं कळू द्यायचं, हे तिनं त्याच्यावरच सोडलं होतं.

एक 'हो' म्हटलं असतं तर झालं असतं. लेक ते जन्मभर जपून ठेवणार होती, पोराला सांगणार होती. सेवकराम तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. आज सगळ्यांना तो जे सांगून आला होता त्यापेक्षा हे लहान होतं, आणि तेच निघेना.

"नाही माय," तो म्हणाला. "मी तुले येऊ नको म्हणत होतो."

रश्मीचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. ती त्याच्याकडे पाहत होती. आता हसत नव्हती, रडत नव्हती, नुसती पाहत होती, लाँचमधून पाहायला हवं होतं तसं. बाहेर वारा पडला होता. खाली, टेकाडाच्या पायथ्याशी, पाणी अजून दगडांवर आपटत होतं.

बाज तिच्या वजनानं मधे थोडी बसली होती. सवयीनं सेवकरामचा हात खाली गेला, दोर चाचपून त्यानं तो मुठीत धरला, आणि ओढायच्या आधी थांबला. मग दोर तसाच हातात धरून तो कितीतरी वेळ बसून राहिला.